सहा डबे खुमरा

१

माझ्या धाकट्या बहिणीला घरी आणलं ते वाळवलेल्या भेंडीच्या पोत्यांवर आडवं घालून.

बुधवारी सकाळी गेलेली लॉरी दुपारीच परत आली तेव्हा मी हातातलं काम टाकून फाटकाकडे धावले. कोस्तीहून ओबेदला पोचायलाच हल्ली दोन दिवस लागतात. इद्रीस ड्रायव्हर खाली उतरला, पण माझ्याकडे बघेना. टायरकडे बघत म्हणाला, "नजात, चादर आण."

रिहाबच्या छातीत एकच गोळी होती. पोती बारा गेली होती, परत आली अकरा. बाराव्या पोत्यात, भेंडीच्या आत लपवलेले, आमच्या खुमरा अत्तराचे सहा डबे होते.

"पाच जण होते," इद्रीस सांगू लागला. शाळेच्या आवारातल्या सगळ्या बायका त्याच्याभोवती गोळा झाल्या होत्या. "मला पालथं पाडलं. एकानं काही विचारलं नाही, काही उचकापाचक केली नाही. सरळ वर चढला आणि हिरव्या दोऱ्यानं शिवलेलं पोतं ओढून काढलं. बाकीच्यांना बोटसुद्धा लावलं नाही."

"आणि रिहाब? ओरडली?"

इद्रीसनं कपाळावरचा घाम पुसला. "तेच तर समजत नाही मला. ती आधी हसली."

"हसली?"

"खळखळून. ओळखीचं माणूस अचानक भेटल्यावर हसावं तशी. आणि मग गोळीचा आवाज आला."

२

लढाईत लग्नं वाढतात, हे आमच्यात सगळ्यांत आधी रिहाबला कळलं. उद्याचा भरवसा नाही म्हटल्यावर जो तो आपल्या मुलीचं उरकून टाकतो. आणि नवरी म्हटली की सुगंधी लाकडांच्या धुरावर बसून अंग शेकायची धुरी आली, उटणं आलं, धूप आला. खुमरा तर हवाच. चंदन, कस्तुरी, लवंग साखरेच्या धुरावर मुरवलेलं ते दाट अत्तर बाई नवऱ्यासाठी लावते. ज्या घरात नवरा नाही त्या घरात खुमऱ्याची बाटली उघडत नाहीत.

खार्तूमहून अंगावर गुंडाळलेल्या तोबांनिशी पळून आलेल्या आम्ही अकरा जणी. कोस्तीतल्या मुलींच्या या बंद शाळेत एकेका वर्गात चार-चार कुटुंबं राहतात. रिहाबनं रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत कारखाना मांडला आणि चंचुपात्रात चंदनतेल मोजू लागली. दोन वर्षांत नवरीमुलींच्या आया लांबलांबून आमच्याच मालासाठी निरोप धाडू लागल्या. अकरा घरांच्या चुली त्यावर पेटत होत्या, आणि ज्यांनी सुरुवातीला "बायका काय कारखाना चालवणार" म्हणून दात काढले होते ते पुरुष त्याच चुलीवरचं मुकाट्यानं जेवत होते.

ते सहा डबे तिचा जीव की प्राण. नवी कृती होती, तिनं एकटीनं खोलीचं दार लावून मिसळलेली. डबे मेणानं बंद करून चाळीस दिवस जमिनीत पुरून मुरवले. रविवारी उकरले आणि मेण न फोडता सहाच्या सहा पोत्यात घातले. आम्ही कुणी हुंगलासुद्धा नव्हता.

प्रयोगशाळा ज्यांची, त्या बतूलबाई. एकतीस वर्षं त्यांनी या शाळेत रसायनशास्त्र शिकवलं. शाळा बंद पडली, पण बाईंचा फळ्यापुढचा आवाज काही बंद पडला नाही. रिहाब गेली तेव्हा त्या रडल्या नाहीत. तीन दिवसांचं दुःख संपल्यावर, रविवारी सकाळी, त्यांनी मला आत बोलावलं.

"रडून झालं?"

"नाही."

"मग रडता रडता ऐक. अकरा दिवसांनी, गुरुवारी, पुढचा माल जायलाच हवा. ओबेदला सात लग्नं अडलीत आणि आपली पिठाची पोती तळाला गेलीत. कोण जाणार?"

"मीच. दुसरं आहे कोण?"

"मग तुझा जीव कुणाच्या तोंडात आहे ते आधी शोधू." बाईंनी खडू घेतला. "नऊ दिवस गावात फोनला रेंज नाही. म्हणजे निरोप गेला तो पायी, कुणाच्या तरी तोंडून. आणि त्या तोंडाला हिरवा दोरा माहीत होता. पोतं शिवलं कुणी?"

"तहानीनं. पांढरा दोरा संपला होता."

"धरलं कुणी?"

"सलवानं."

"लॉरीवर चढवलं?"

"इम्तिसालनं, बुधवारी."

बाईंनी फळ्यावर तीन नावं लिहिली. तिघींच्या हातचं मी खाल्लं होतं. तिघींनी माझ्या बहिणीला खांदेकऱ्यांच्या हवाली करताना टाहो फोडला होता.

"यातली एक," बाई म्हणाल्या, "अजून तुझ्या ताटातलं खातेय."

३

इम्तिसालला विचारायला गेलो तर तीच अंगावर आली.

"हो, भांडले! शनिवारी भांडले. माल घेऊन दर वेळी तीच का जाणार? मला काय रस्ता चावतो? सगळ्यांसमोर म्हटलं, जा, परत येऊ नकोस. रोज म्हणते मी तसं. माझ्या नवऱ्यालाही म्हणते, तो मेला रोज परत येतो!" आणि एवढं बोलून ती धाय मोकलून रडायला लागली. "हिच्या बाबतीत मात्र खरं झालं गं, नजात."

"मंगळवारी गावाबाहेर गेली होतीस," बाई म्हणाल्या.

"रानात. धुरीची लाकडं कोण आणतं मग, तुमचे बाप?"

"ते पोतं कशानं शिवलं होतं?"

"दोऱ्यानं! पोतं कशानं शिवतात, केसानं?"

बाहेर आल्यावर बाई म्हणाल्या, "शनिवारी रागावून गेली ती बुधवारपर्यंत प्रयोगशाळेत फिरकली नाही. रानात गेली तेव्हा तिला दोऱ्याचा रंग ठाऊक नव्हता. जीभ काळी आहे, पण हात नाहीत."

तहानी पाच आठवड्यांपूर्वी विधवा झाली होती. इद्दतीत बसलेली, पांढरा तोब, चार महिने दहा दिवस घराबाहेर पडायचं नाही, वासाला शिवायचं नाही. आमच्यात राहून वास टाळायचा म्हणजे पाण्यात राहून कोरडं राहण्यासारखं. ती बिचारी व्हरांड्यात नाकावर फडकं बांधून पिशव्या शिवायची. पण रोज दुपारी ती मागच्या फाटकातून कुठं तरी जाऊन यायची, हे बाईंनी हेरलं होतं.

"कुणाला भेटतेस?" बाईंनी सरळ विचारलं.

तहानीनं मान खाली घातली. "सौर पॅनेलवाल्याकडे. फोन चार्ज करायला."

"रेंज नसताना?"

"त्याचा एक निरोप आहे फोनमध्ये. आवाजातला." तिनं आमच्यापुढे धरला. मेलेल्या माणसाचा हसरा आवाज आला, 'तहानी, येताना कांदे आण, आणि उशीर करू नकोस.' तेवढाच.

"इद्दत मोडतेस. पाप आहे."

"लागू दे पाप. एकदाच ऐकते रोज."

बाईंनी फोन परत दिला, पण माफी काही मागितली नाही. वर विचारलं, "त्या दिवसांत गाव सोडून गेली होतीस?" तहानीनं नकारार्थी मान हलवली. पॅनेलवाल्यानंही तेच सांगितलं. आठवडाभर रोज दुपारी ती त्याच्यासमोर बसलेली होती.

राहिली सलवा.

सलवाचा नवरा हाशिम दोन वर्षं बेपत्ता होता. फोटोसुद्धा मागं राहिला नव्हता, म्हणून रिहाबनंच तिला विचारून विचारून त्याचं चित्र काढलं होतं. डाव्या भुवईवर तुटलेली खूण, रुंद जबडा, खाली 'कुणी पाहिलंत का?' प्रयोगशाळेच्या दारावर ते लावलेलं होतं. सलवा रोज सकाळी पदरानं ते पुसायची.

"मी दर सोमवारी नदीपलीकडे आत्याकडे जाते, तुम्हाला माहीतच आहे," ती हळू आवाजात म्हणाली. "त्या सोमवारीही गेले. पण बाई, रिहाबचा जीव मी घेईन? मी?"

मला लाज वाटली. रिहाबला शेवटची अंघोळ घालताना पाणी मी ओतलं होतं आणि तिचे केस सलवानं विंचरले होते. किती हळुवार विंचरले होते!

"ही नाही, बाई," मी बाहेर आल्यावर म्हटलं.

"जायला मिळालं होतं, दोरा माहीत होता. एवढ्यानं कुणाच्या गळ्यात फास अडकवता येत नाही, हे खरं," बाई म्हणाल्या. "पण एक सांग. दारावरच्या त्या चित्रावर बोटभर धूळ कधीपासून आहे?"

४

शुक्रवारी दुपारी नमाजाआधी आम्ही सगळ्या आवारातल्या नळावर हातपाय धूत होतो. सलवानं बाह्या वर केल्या. बाईंनी मला कोपरानं ढोसलं.

तिचा चेहरा नेहमीसारखा उन्हानं रापलेला, कोरडा. पण हात मधाच्या रंगाचे, तुकतुकीत. गळ्याखालची कातडीही तशीच. घोंगडी पांघरून धुरीच्या खड्ड्यावर बसलेल्या बाईचा रंग असाच होतो. घोंगडीबाहेर राहिलेला चेहरा तेवढा जुन्या रंगाचा राहतो.

"काय गं सलवा, धुरी घेतलीस?" बाईंनी मोठ्यानं विचारलं.

दोन-चार जणी वळून बघू लागल्या. धुरी घ्यायची ती नवऱ्यासाठी; नवरा बेपत्ता असलेली बाई घेते म्हणजे काय? सलवा मात्र गडबडली नाही.

"गुडघे धरलेत ना, बाई. आत्या म्हणते धुरीनं सुटतात. तीच बसवते."

"बरोबर आहे," एक म्हातारी म्हणाली. "माझेही धुरीनंच सुटले."

विषय तिथंच संपला. बाईंचं तोंड पडलं आणि मला, खोटं कशाला बोलू, हायसं वाटलं. सांधे धरलेल्या म्हाताऱ्या धुरी घेतातच. आमची आईसुद्धा घ्यायची.

सलवा तांब्या घ्यायला माझ्या अंगावरून वाकली.

आमच्या कारखान्यात कुणाला कसला वास येत नाही. कपडे, भाकरी, पाणी, सगळ्याला चंदन लागलेलं. नाकं मेलेली असतात आमची. अशा जागी अंगावर कसला वास आहे हे लपवायची गरजच नाही, असं कुणालाही वाटेल. पण त्या चंदनामागून, लवंगेमागून एक बारीक कडसर वास आला आणि मी हातपाय धुणं अर्धं टाकून बाईंचा हात धरला.

लिंबाची साल होती ती.

५

"आता सांग," प्रयोगशाळेचं दार लावून बाई म्हणाल्या.

"रिहाबच्या नव्या खुमऱ्यात वाळक्या लिंबाच्या सालीची पूड होती. आमच्या आईची युक्ती. साखरेचा उग्रपणा मारायला. तिनं माझ्याशिवाय कुणाला सांगितलं नव्हतं."

"दुसरं कुणी घालतं?"

"कोस्तीत कुणी घालत नाही. लोक हसतील."

"आणि सहाच्या सहा डबे पोत्यात गेले. मेण न फोडता."

"हो."

"म्हणजे तो वास जगात आता एकाच ठिकाणाहून येऊ शकतो." बाई स्टुलावर बसल्या. "पोतं पळवणाऱ्यांकडून. खुमरा धुतला तरी चार-चार दिवस जात नाही. सोमवारी लावलाय तिनं. आणि गुडघ्यांना धुरी लागते, नजात. गुडघ्यांना खुमरा लागत नाही. खुमरा कशाला लागतो?"

माझी नजर दाराकडे गेली. दारावर बाहेरून ते चित्र होतं.

"तिला वाटलं, खुमऱ्याच्या कारखान्यात खुमऱ्याचा वास कोण ओळखणार. हा वेगळा आहे हे तिला ठाऊकच नव्हतं, कारण तिनं तो आधी कधी हुंगलाच नव्हता. हाशिम जिवंत आहे. लष्कराशी लढणाऱ्या, रस्ते लुटणाऱ्या त्या लोकांत सामील झालाय. दर सोमवारी नदीपलीकडे भेटतो. रस्ता, वार, दोऱ्याचा रंग, सगळं तिनं सांगितलं, आणि बक्षीस म्हणून त्यानं तुझ्या बहिणीचाच डबा तिच्या हातात ठेवला." बाईंनी दाराकडे बोट दाखवलं. "आता कळलं, रिहाब का हसली?"

मला कळलं. डाव्या भुवईवरची खूण तिनं स्वतः काढली होती. बंदूक घेतलेला माणूस समोर आला आणि माझ्या वेड्या बहिणीला बंदूक दिसलीच नाही. तिला सलवाचा नवरा सापडला होता! परत जाऊन सलवाला सांगायचं म्हणून ती हसली. आणि तिनं ओळखलं म्हणूनच त्यानं तिला मारलं.

"मी तिचे डोळे फोडते," मी दाराकडे वळले.

"बस खाली. लष्कराला सांगितलं तर दोन दिवसांत तिला फासावर देतील. आणि तिसऱ्या दिवशी इथं टाळं लागेल, फितुरांचा कारखाना म्हणून. अकरा चुली विझवायच्यात?"

"मग सोडून द्यायचं?"

"सोडायचं कुठं म्हटलं मी?" बाईंचा आवाज अगदी वर्गातल्यासारखा होता. "रविवारी नवं पोतं भरू. हिरव्या दोऱ्यानं शिवू. धरायला सलवालाच बोलाव. नदीकाठचा रस्ता, गुरुवार सकाळ. तू पुढच्या सीटवर. तिला दिसू दे की तू जाणार आहेस."

"आणि खरंच कोण जाणार?"

"तूच. पुढं तू दिसली नाहीस तर माल नाही समजून ते लॉरी अडवणार नाहीत."

रविवारी सलवानं पोतं धरलं. तहानी शिवत होती. मी समोर उभी होते, आणि सलवानं माझ्याकडे बघून विचारलं, "नजात, भीती नाही ना वाटत तुला?"

"तुझ्यासारख्या बहिणी मागं असताना कसली भीती?" मी म्हटलं.

तिचे डोळे भरून आले. पण सोमवारी ती गेलीच. तिनं मान हलवून एवढं जरी म्हटलं असतं, 'जाऊ नकोस', तरी कदाचित मी बाईंच्या पाया पडले असते. पण तेवढंही ती म्हणाली नाही.

६

बाईंच्या एका जुन्या विद्यार्थिनीचा नवरा छावणीत अधिकारी होता. त्याला बाईंनी एवढंच सांगितलं की त्या रस्त्यावर लूटमार होते. लॉरीत ताडपत्रीखाली नऊ शिपाई होते आणि पुढं इद्रीसशेजारी मी.

बाभळींच्या वळणावर पाच जण आडवे आले. सगळ्यांत पुढं जो होता त्याच्या डाव्या भुवईवर खूण होती. रिहाबनं जबडा किती हुबेहूब काढला होता! त्यानं माझ्या डोळ्यांत बघितलं. मी त्याला ओळखलं हे त्याला दिसलं.

मी हसले नाही. खाली वाकले.

दुपारपर्यंत पाचही जणांची प्रेतं आणून बाजारातल्या चौकात ओळीनं ठेवली होती. कुणी ओळखतंय का बघा, म्हणून भोंगा फिरत होता. मी प्रयोगशाळेत शिरले तेव्हा सलवा साखर चाळत होती. मला बघून चाळणी तिच्या हातातच थांबली.

"आलीस?" तिच्या तोंडून कसाबसा शब्द निघाला.

"आले."

"साखर संपत आलीय, सलवा," बाई म्हणाल्या. "बाजारातून घेऊन ये. चौकातल्या दुकानातून."

ती गेली. तासाभरानं परत आली. रडल्याची खूण नव्हती. साखर आणली होती, आणि पिशवी दोन्ही हातांनी छातीशी धरली होती. टेबलावर बाईंनी एक कोरा पांढरा तोब घडी करून ठेवला होता. शेजारी आमचं मोठं परातीएवढं भांडं, चंदन, लवंग, कस्तुरीची पुडी.

"बस," बाई म्हणाल्या. "आज तुझं कुणी गेलं असेल, तर हा तोब गुंडाळ. आम्ही सगळ्या तुझ्याजवळ बसून रडू, रीतीप्रमाणे. इद्दत पाळ, वासाला शिवू नकोस. पण मग कोण गेलं, कुठं गेलं, तुला कसं कळलं, हे विचारायला छावणीची माणसं येतील. आणि तुझा हाशिम दोन वर्षं बेपत्ता आहे तसाच बेपत्ता असेल, तर नवरीचा खुमरा मिसळायला घे."

सलवानं तोबाच्या घडीवर बोट टेकवलं. मग ओठ न हलवता बोलावं तशी पुटपुटली, "तो म्हणाला होता, बायकांना हात लावणार नाही."

"कोण म्हणाला होता?"

खोलीत आम्ही तिघीच होतो. सलवानं बाईंकडे पाहिलं, मग माझ्याकडे. रिहाबचे केस विंचरणारी तिची बोटं टेबलाच्या कडेवर घट्ट आवळलेली होती.

"कुणी नाही," ती म्हणाली, आणि तिनं भांडं पुढं ओढलं.

मी वाळकी लिंबाची साल वाटून तिच्यापुढे ठेवली. मिसळून झाल्यावर म्हटलं, "मनगटावर लावून बघ." तिनं लावलं. दुसऱ्या दिवशीही लावायला लावलं. तिसऱ्याही. तिच्या नवऱ्याला गावाबाहेर नाव नसलेल्या खड्ड्यात पुरलं, आणि ती रोज सकाळी वेळेवर येऊन नवरीमुलींसाठी अत्तर मुरवत राहिली. मध्यंतरी तहानीची इद्दत संपली. आम्ही तिला न्हाऊ घातलं, निळा तोब नेसवला, ओठ चावत का होईना पण ती हसली. सलवा भांड्यावरून मान वर न करता साखर ढवळत होती. मला दया आली का? एकदा आली होती. मग रिहाबचं हसणं आठवलं आणि गेली.

चार महिने दहा दिवस मी रोज मोजले. शेवटच्या दिवशी संध्याकाळी सलवानं मनगट पुसलं, भांडं उपडं घातलं आणि खूप दिवसांनी आपणहून माझ्याशी बोलली.

"संपलं आज."

म्हणजे तीही मोजत होती. मी अगदी साळसूदपणे विचारलं, "काय संपलं गं?"

तिनं माझ्या डोळ्यांत बघितलं. मग म्हणाली, "काही नाही. लिंबाची साल संपली."

"उद्या आणते," मी म्हटलं.